न्यायमूर्ती विल्यम किओ : शपथ मोडणाऱ्याने न्यायासनावर बसावे काय?

अधोरेखित :
एकोणिसाव्या शतकातील आयरिश न्यायाधीशांपैकी विल्यम किओ यांच्याइतका रोष क्वचितच कोणी ओढवून घेतला असेल. गॉलवे येथे १८१७ साली जन्मलेले हे कॅथलिक बॅरिस्टर अ‍ॅथलोनचे खासदार होते. शेतकरी कुळांचे हक्क मान्य न करणाऱ्या सरकारला पाठिंबा देणार नाही, अशी जाहीर शपथ त्यांनी १८५२ मध्ये घेतली आणि त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड अ‍ॅबरडीन यांच्या सरकारात सॉलिसिटर जनरल हे सरकारी कायदा अधिकाऱ्याचे पद पत्करले. चार वर्षांत ते न्यायाधीश झाले; १८६५ मध्ये ओडोनोव्हन रोसा या फेनियन (आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गुप्त संघटनेच्या) क्रांतिकारकाला जन्मठेप सुनावणारेही तेच. ज्याच्या शब्दावर लोकांचा भरवसा उरला नाही, त्याच्या निकालावर तरी भरवसा कसा बसावा?

सायंतारा :
असहमत. रोसा यांनी आधीच्या, १८५९ च्या खटल्यात गुन्हा कबूल केला होता, म्हणून दुसऱ्यांदा कठोर शिक्षा होणे कायद्याला धरूनच होते. शिवाय आपले वर्तमानपत्र तासन्‌तास न्यायालयात वाचून दाखवणाऱ्या या आरोपीचे म्हणणे किओंनी ऐकून घेतले, हेही नोंदवायला हवे.

अधोरेखित :
मग १८७२ ची गॉलवेची निवडणूक घ्या. कॅप्टन नोलन यांना २,८२३ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रेंच यांना ६५८ मते पडली. कॅथलिक धर्मगुरूंनी मतदारांना धाक घातला, असे ठरवून किओंनी नोलन यांची निवड रद्द केली. इथवर ठीक, पण निकालपत्रात त्यांनी धर्मगुरूंवर जी आग पाखडली आणि जमीनदारांची जी तरफदारी केली, ती न्यायाधीशाची भाषा नव्हती. गावोगावी त्यांचे पुतळे जाळले गेले आणि आयरिश खासदार आयझॅक बट यांनी हा विषय थेट संसदेत नेला.

तळटीप :
दोघेही व्यक्तीतच अडकला आहात. किओंचे राजकारणातील जुने सहकारी जॉन सॅडलीर यांनी बँकेतील अफरातफर उघड होताना फेब्रुवारी १८५६ मध्ये आत्महत्या केली, आणि त्याच वसंतात किओ न्यायाधीश झाले. सरकारच्या कायदा अधिकाऱ्याला बक्षीस म्हणून न्यायासन देण्याची प्रथा जोवर होती, तोवर किओ नसते तर दुसरे कोणी तिथे बसले असते.

सायंतारा :
प्रथा वाईट होती, हे मान्य. मात्र निकालपत्राची भाषा कडवट असली म्हणून निकाल चुकीचा ठरत नाही. त्या काळी मतदान गुप्त नसे, सर्वांसमक्ष होई, त्यामुळे धर्मगुरूंचा शब्द मोडणारा मतदार लपू शकत नसे.

अधोरेखित :
तो जमीनदारापासून तरी कुठे लपत होता? गुप्त मतदानाचा कायदा झाल्यावर १८७४ मध्ये गॉलवेने नोलन यांनाच पुन्हा निवडून दिले.

सायंतारा :
ते १८७४ चे मत झाले. किओंपुढे पुरावा होता तो १८७२ च्या निवडणुकीचा.