पुस्तकावरून मेडिटेशन, चारच्या पुढे जात नाहीये - मदत हवी आहे

लेटमार्क: मंडळी, पटकन सांगा. घरच्या घरी मेडिटेशन शिकायचं एक पुस्तक आणलंय. श्वास मोजत दहापर्यंत जायचं आणि परत एकपासून, बस्स. पण मी चारच्या पुढे जातच नाही, मध्येच उद्याची मिटिंग, गॅस बंद केला का, काय वाट्टेल ते, आणि डावा पाय तर पार दगड होतो. वर श्वासाकडे लक्ष दिलं की तो धड घेताच येत नाही. कोणी केलंय का? लेक्चर नको प्लीज.

सुमाताई_मुलुंड: अरे किती दिवस झाले? जेवणाआधी बसतोस की नंतर? खाली की खुर्चीत? काहीच लिहिलं नाहीस.

अर्धवट_योगी: पुस्तक ठेवा माळ्यावर. इगतपुरीला विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स करा. फी नाही, फोन जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वासच बघायचा असतो. मी करून आलोय म्हणून सांगतो.

लेटमार्क: आणि १० दिवस सुट्टी तुम्ही देणार का?

खाडीपलीकडे: मग गोराईच्या विपश्यना पॅगोडात जा एखाद्या रविवारी. बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत, पुढे लाँच. तिथे आनापान, म्हणजे श्वास नुसता बघायचं ध्यान, थोडक्यात शिकवतात.

कसारा_लोकल: इगतपुरीचा विषय निघालाच आहे तर, कसारा घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात ती इगतपुरीला काढतात. तपोवन एक्सप्रेसने गेलात तर मागच्या डब्यात बसा, मजा येते.

नाडीशोधन: आधी २० मिनिटं अनुलोम-विलोम, मग ध्यान. श्वासावर ताबा नाही तर मनावर कुठून येणार?

अर्धवट_योगी: ताबा कसला? आनापानात श्वास बघायचा असतो, घ्यायचा नसतो. लेटमार्क मुद्दाम खोल घेत असणार, म्हणून दम लागतोय.

नाडीशोधन: पतंजलींनी आसन, प्राणायाम आधी आणि ध्यान नंतर सांगितलंय. तुम्ही डायरेक्ट टेरेसवर.

सुमाताई_मुलुंड: भांडा तुम्ही. लेटमार्क, बुडाखाली चादरीची जाड घडी घे, गुडघे कमरेपेक्षा खाली गेले पाहिजेत, नाहीतर सरळ खुर्चीत बस. आणि मन वाऱ्यासारखं आहे ही तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच केलीये, तू कोण मोठा. चारवर तुटलं, परत एक. माझ्या प्रश्नांचं काय पण?

लेटमार्क: चार दिवस झाले. रात्री साडेअकराला, जेवून, पलंगावर. पुस्तक मांडीवर असतं, डोळे मिटले तर पुढची ओळ कशी वाचणार, म्हणून दर दोन श्वासांनी उघडतो.

खाडीपलीकडे: 😂😂

सुमाताई_मुलुंड: अरे देवा! हे आधी सांगायचं ना! ते पान स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड कर, सावकाश, मध्ये भरपूर जागा सोडून. मग फ्लाइट मोड टाक आणि ऐक. आणि सकाळी बस, भरल्या पोटी झोपच येणार.

लेटमार्क: केलं रेकॉर्ड. बायको म्हणते रेल्वेची अनाउन्समेंट वाटतेय. आज सहाला खुर्चीत बसलो, एकदा सातपर्यंत गेलो आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं.

कसारा_लोकल: बँकर दोन असतात की तीन, कोणाला नक्की माहितीये का?