‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ : फ्रेझल व्हर्बचे अर्थ लक्षात ठेवायचे कसे?

प्रश्न : ‘पुट’ म्हणजे ठेवणे. मग ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे कुठून आलं? घोकंपट्टीशिवाय काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून जे बनतं, ते फ्रेझल व्हर्ब. त्यात क्रियापदापेक्षा जोडलेल्या छोट्या शब्दाकडे लक्ष द्या. ‘अप’ म्हणजे वर, हे आपण शाळेत शिकतो. पण क्रिया पुरती तडीस गेली, असंही ‘अप’ सांगतो : ‘ईट अप’ खाऊन टाकणे, ‘ड्रिंक अप’ पिऊन टाकणे, ‘यूज अप’ वापरून संपवणे. मराठीत हेच काम ‘टाकणे’ करतं. ‘पैसे देऊन टाकले’ म्हणताना कोणी काही फेकत नाही, आणि ‘पैसे देऊन बसला’ म्हटलं की लगेच हळहळ ऐकू येते. ज्याला हा फरक न शिकवता कळतो, त्याला ‘अप’ परका वाटायचं कारण नाही.

‘आउट’मध्ये बऱ्याचदा संपण्याची, नाहीसं होण्याची छटा असते : ‘पुट आउट’ विझवणे, ‘डाय आउट’ नामशेष होणे, ‘वेअर आउट’ झिजून जाणे. ‘पुट अप विथ’ मात्र पाठच करावा लागतो. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती क्रियापदाला छोटा शब्द जोडण्याची हीच रीत, असं इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे.

पाठ करताना मध्ये ‘इट’ घालून करा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘इट’ आलं की फक्त ‘पुट इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर’ फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. व्याकरणाचा नियम वेगळा घोकावा लागत नाही.

प्रश्न : आणि ‘इंजिनिअरिंग करून पास आउट झालो’?

उत्तर : भारतात सगळ्यांना कळतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ही त्याच अर्थाची, आणि सैनिकी प्रशिक्षणापुरता हा अर्थ ब्रिटनमध्येही रूढ आहे. पण एरवी तिकडे ‘पास्ड आउट’ म्हणजे शुद्ध हरपली. परदेशी अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. तसंच ‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत फक्त ‘कोप विथ’.