सेइनेन मांगा म्हणजे 'तसलं' काही असतं का? आणि सुरुवात कुठून करू?

चहाबाज_३७
मंडळी एक प्रश्न आहे, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. वय ३७, हॉस्टेलवर असताना एकाच्या हार्डडिस्कमधून नारुतो, डेथ नोट वगैरे रात्र रात्र जागून संपवलेलं, मग नोकरी लग्न पोरं आणि ते सगळं राहून गेलं. परवा ताईकडे गेलो होतो तर भाच्याच्या कपाटात मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, चांगली दोन फूट रांग, मी म्हटलं मला पण दे एखादा, तर कार्टं म्हणतं मामा तू आता सेइनेन वाच, शोनेन म्हणजे पोरांसाठीचं तुला पोरकट वाटेल. घरी येऊन शोधलं तर पहिल्याच ओळीत 'प्रौढ पुरुष वाचकांसाठीची मासिकं'. आता प्रौढ पुरुषांसाठी म्हटल्यावर आपल्याकडे काय अर्थ निघतो ते सांगायला नको, एसटी स्टँडवरची पिवळी पुस्तकंच आठवली मला. भाचा सतराचा आहे. ताईला सांगावं का गप्प बसावं कळेना.
तर हे तसलं असतं का, आणि नसेल तर वाचायचं कुठून? बजेट बेताचं आहे आणि बायको 'अजून कॉमिक्स वाचतोस' म्हणून आधीच सुनावत असते.

ओसाकाकर
हसलो, पण तुमच्यावर नाही, इथे जपानमध्ये आल्यावर पहिल्या वर्षी मीही हाच घोळ घातला होता. जपानीत दोन शब्द आहेत, सेइनेन आणि सेइजिन. सेइनेन म्हणजे तरुण, आपल्या 'नवयुवक मंडळा'तला युवक असतो ना तोच (ज्यात पंचेचाळिशीचे काकाही नाचतात). सेइजिन म्हणजे सज्ञान, आणि तुम्ही म्हणताय ते पिवळं प्रकरण या दुसऱ्या शब्दाखाली येतं. त्याची मासिकं पूर्वी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत (चोवीस तास उघड्या दुकानात) पण मिळायची, २०१९ मध्ये मोठ्या चेननी ती विकायची बंद केली. सेइनेनचे अंक मात्र अजून तिथेच आहेत, काचेलगतच्या रॅकवर.
आता खरं सांगायचं तर मुखपृष्ठ बघून तुमचा गैरसमज वाढेलच. 'यंग जंप', 'यंग मॅगझिन' असल्या यंगवाल्या अंकांवर बहुतेकदा बिकिनीतली मुलगी असते, आणि आत उघडलं तर चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाया. 'किंगडम' २००६ पासून यंग जंपमध्ये चालू आहे, छिन राज्यातल्या एका गुलाम पोराला महासेनापती व्हायचंय एवढीच गोष्ट, अजून होतोच आहे तो. पण 'बिग कॉमिक ओरिजिनल' बघा, त्याच्या मुखपृष्ठावर वर्षानुवर्षं कुत्री, मांजरं असलेच प्राणी. मी ज्या लोकलने जातो तिथे एक साठीचे गृहस्थ असतात, महिन्यातून दोनदा त्यांच्या हातात नवं मांजर असतं. अंक निघतो ५ आणि २० तारखेला. वाचताना चेहरा असा की आपल्याकडे बँकेतले रिटायर्ड काका अग्रलेख वाचतायत. मासिक म्हणजे मधे पिना मारलेला जाड गठ्ठा, कागद रद्दीतला, वाचून झालं की टाकायचं. आवडलेल्या मालिकेची पुस्तकं नंतर वेगळी निघतात, ती लोक जपून ठेवतात. आणि ज्यांना विकत घ्यायचं नसतं ते रॅकपाशी उभ्या उभ्या अख्खा अंक वाचून निघून जातात, त्याला इथे ताचियोमी असा खास शब्दच आहे. दुकानदार वैतागून टेप लावून ठेवतात. आप्पा बळवंत चौकात असं दहा मिनिटं उभं राहून दाखवा.

कांजीकंटाळा
ओसाकाकर दादांनी मेन मुद्दा सांगितला पण एक राहिला. सेइनेन हा प्रकार नाही, पत्ता आहे. म्हणजे हॉरर, प्रेमकथा, स्वयंपाक काहीही असू दे, गोष्ट कुठल्या मासिकात छापली त्यावर ती शोनेन की सेइनेन ते ठरतं, बाकी कशावर नाही. त्यामुळे अटॅक ऑन टायटनमध्ये माणसं कचाकच खाल्ली जातात तरी ते शोनेन, आणि एका मांजराच्या पिल्लाची गोड गोड गोष्ट 'चीज स्वीट होम' ती सेइनेन, कारण ती कोदान्शा प्रकाशनाच्या 'मॉर्निंग'मध्ये यायची. आणि आता बसून घ्या. शिनचॅन. आपण हंगामावर हिंदीत बघितलेला, जाड भुवयांचा. तो १९९० मध्ये 'वीकली मांगा ॲक्शन'मध्ये सुरू झाला, म्हणजे मोठ्या पुरुषांच्याच मासिकात. त्यातले आईबाबांचे टोमणे, पगार, घराचं कर्ज हे जोक बाबा लोकांसाठीच होते, टीव्हीवर आल्यावर पोरांनी ढापला.
'पुरुष वाचकांसाठी' हे पण फार मनावर घेऊ नका. मी मुलगी आहे, पुण्यात जपानीचे क्लास करते आणि माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुली हेच वाचतात. लिहिणाऱ्या पण बायका आहेतच की, रुमिको ताकाहाशीचं 'मेझॉन इक्कोकु' १९८० मध्ये बिग कॉमिक स्पिरिट्सच्या पहिल्या अंकापासून होतं.
आम्ही शिकणारे मात्र वेगळ्याच खुणेने ओळखतो. मुलांच्या अंकात प्रत्येक कांजीला (चिनी चित्राक्षराला) चिकटून बारीक हिरागानात (साध्या उच्चारी अक्षरांत) उच्चार दिलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात, सेइनेनमध्ये बऱ्याचदा तो गायब. म्हणजे वाचक मोठा आहे, त्याला येत असणार असं धरलेलं. मी मोठ्या तोऱ्यात ओळखीच्याकडून मॉर्निंगचा एक अंक मागवला होता. पहिल्या पानावर एक माणूस ऑफिसच्या खिडकीत उभा राहून काहीतरी बोलतो, एक फुगा, तीन ओळी. त्या तीन ओळींना मला पाऊण तास लागला आणि निघालं काय तर हेड ऑफिसने खर्चाची मंजुरी नाकारली आहे. अंक अजून उशाशी आहे, पान सात.

तिरकस_तात्या
कांजीताई, तो ऑफिसातला माणूस शिमा कोसाकु तर नव्हे? माझा फार आवडता. केंशी हिरोकाने यांनी १९८३ मध्ये मॉर्निंगमध्ये सुरू केलं 'कचो शिमा कोसाकु', कचो म्हणजे सेक्शन हेड. स्वतः मात्सुशिता कंपनीत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे ऑफिसचं राजकारण आतून माहिती. पुढे शिमाला प्रमोशन मिळत गेलं आणि दर प्रमोशनला मालिकेचं नावच बदललं, २००८ मध्ये प्रेसिडेंट, २०१३ मध्ये चेअरमन, मग सल्लागार, आता दुसऱ्या कंपनीवर बाहेरचा डायरेक्टर. वाचकही त्याच्याबरोबर म्हातारे झाले. मी तेवीस वर्षं एकाच टेबलावर बसून ते वाचतोय, माझ्या मालिकेचं नाव काही बदललं नाही.
पण इथे एक खूळ दिसतं त्याला विरोध नोंदवतो. सेइनेन म्हणजे खोल, शोनेन म्हणजे पोरखेळ, हे भाच्याचं मत आहे आणि सतराव्या वर्षी ते शोभतं. सेइनेनच्या नावाखाली नुसता रक्तपात आणि उघड्या बाया असलेला कचराही ढीगभर आहे.
मुळात ही मासिकं का निघाली ते बघा. युद्धानंतर तिकडे काशिहोन म्हणजे भाड्याने पुस्तकं देणारी दुकानं होती, आपल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांसारखी. दादरला आमच्या गल्लीत होती तशी, रोज अमुक पैसे, पान फाटलं तर डिपॉझिट गेलं. त्या दुकानांसाठी काढणाऱ्यांपैकी योशिहिरो तात्सुमीने १९५७ मध्ये गेकिगा हा शब्द काढला, म्हणजे नाट्यचित्रं, आम्ही पोरांची मजामस्ती काढत नाही असं सांगायला. पुढे टीव्ही आला, ती दुकानं बसली. १९६४ ला 'गारो' मासिक आलं, आणि मांगा वाचत वाढलेली पिढी कॉलेजात, नोकरीत जाऊनही वाचायचं सोडेना, तेव्हा मोठ्या प्रकाशकांना गिऱ्हाईक दिसलं. १९६७ मध्ये मांगा ॲक्शन (पहिल्याच अंकात लुपिन या चोराची मालिका), १९६८ मध्ये बिग कॉमिक. त्याच वर्षी त्यात 'गोल्गो १३' आलं, भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट, ते अजून चालूच. २०२१ च्या जुलैत २०१ वा खंड आला तेव्हा सगळ्यात जास्त खंडांची मांगा मालिका म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली, दोन महिन्यांनी ते काढणारे ताकाओ साइतो गेले, पण माझ्यामागे हे चालू ठेवा असं सांगून गेले होते आणि त्यांच्या स्टुडिओने ठेवलं. त्यांच्याकडे पहिल्यापासून काम वाटलेलंच असायचं, पटकथा एकाची, बंदुका एकाच्या, इमारती एकाच्या, म्हणून ते जमलं.

भवानी_पेठ_गट्स
बर्सर्क वाच भावा. बाकी सगळं नंतर.

कांजीकंटाळा
नको हो, पहिलंच बर्सर्क नको. सुरुवातीचे खंड नुसते चिखल आणि आतडी आहेत, खरी गोष्ट मागे जाते तेव्हा पकड घेते. शिवाय लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत, ते माहीत असून हातात घ्यावं.

भवानी_पेठ_गट्स
ते मान्य. पण चित्रं बघून घ्या एकदा, चिलखताच्या एका एका खिळ्यावर रेषा आहेत. ते काढणारे मिउरा सेन्सेई ६ मे २०२१ ला गेले, ५४ वय, गोष्ट अर्धवट. बातमी आली त्या दिवशी मी काम केलं नाही. मग त्यांचा कॉलेजच्याही आधीपासूनचा दोस्त कोउजी मोरी, तो पण मांगाकार, त्याला मिउरांनी शेवटापर्यंतची गोष्ट तोंडी सांगून ठेवलेली, त्याच्या आठवणीवर आणि त्यांच्या असिस्टंट पोरांच्या हातावर जून २०२२ पासून यंग ॲनिमलमध्ये परत चालू झालं. काही लोक म्हणतात बंद करायला हवं होतं. मी म्हणतो मित्राने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवून माणूस झोपेल कसा.

चहाबाज_३७
बाप रे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. शिनचॅनचं बायकोला सांगितलं, ती म्हणाली मला आधीपासूनच वाटत होतं. ताईला काही सांगत नाही. आता सुरुवातीचं सांगा, जादू आणि किंचाळून हल्ल्याची नावं घेणं नको, एवढीच अट. हो आणि एका साइटवरून घाईघाईत व्हिनलँड सागा मागवला तर त्यांनी तिसरा खंडच दोनदा पाठवला, पहिला नाहीच. परत घेईनात. तर ते कितपत जमेल?

ओसाकाकर
तिसरा दोनदा :) राहू दे, त्यातली एक प्रत भाच्याला द्या. व्हिनलँड चांगलंच आहे पण त्याची गंमत अशी की ते २००५ मध्ये साप्ताहिक शोनेन मॅगझिनमध्ये सुरू झालं, ते काढणाऱ्या युकिमुरांना दर आठवड्याचा वेग झेपेना म्हणून त्याच वर्षी मासिक 'आफ्टरनून'मध्ये गेलं, म्हणजे तीच गोष्ट काही महिन्यांत शोनेनची सेइनेन झाली. आणि महिना मिळाल्यावर ती बदललीच. सुरुवातीला बापाच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेलं पोरगं, पुढे कितीतरी प्रकरणं नुसती शेती. जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे, गहू पेरायचा. शेतीवर येऊन बरेच जण सोडतात, मला तोच भाग सगळ्यात आवडतो, आजोबांची आठवण येते. २०२५ मध्ये संपलं एकदाचं.
पण तुमच्या अटीत बसणारं म्हणजे उरासावाचं 'मॉन्स्टर'. १९९४ ते २००१, बिग कॉमिक ओरिजिनल, तेच मांजरवालं. जर्मनीतला जपानी सर्जन, रात्री डोक्यात गोळी लागलेला पोरगा आणि पाठोपाठ शहराचा महापौर आणतात, वरिष्ठ म्हणतात महापौराचं ऑपरेशन कर, हा पोराचं करतो. पोरगा वाचतो. वाचवायला नको होता. एवढंच सांगतो. इंग्रजीत नऊ जाड खंडांत मिळतं.

तिरकस_तात्या
मॉन्स्टरला अनुमोदन. त्यात मला आवडतात ती मधली माणसं, दोन प्रकरणांपुरता येणारा एखादा म्हातारा पोलीस, त्याचं लग्न, त्याची दारू, सगळं काढून ठेवतो हा उरासावा आणि मग त्याला सोडून पुढे जातो.
तलवारबाज मुसाशीच्या 'व्हॅगाबाँड'च्या नादी एवढ्यात लागू नका असं म्हणेन. इनोउएची ब्रशने काढलेली पानं फ्रेम करून लावावीत अशी, पण २०१५ पासून थांबलंय ते, ३७ खंडांवर. मुसाशी तिथेच उभा आहे, आपण पण तिथेच उभे.

चहाबाज_३७
मग मॉन्स्टर फायनल. पण नऊ जाड खंड म्हणजे साडेपाच-सहा हजार तरी झाले की हो. एकदम घेतले तर घरात माझंच ऑपरेशन होईल. एखादं छोटं काही? बायकोला पण दाखवता येईल असं?

कांजीकंटाळा
वहिनींना 'शिन्या शोकुदो' दाखवा, मिडनाइट डायनर नावाने नेटफ्लिक्सवर मालिका आहे, मांगा बिग कॉमिक ओरिजिनलमधलीच. रात्री बाराला उघडणारी छोटी खानावळ, मेनूवर मोजून एक पदार्थ, पण सामान असेल तर मालक मागाल ते करून देतो. एकजण येतो तो रोज लाल सॉसेज मागतो, ऑक्टोपससारखं कापलेलं, डब्यात पोरांना देतात तसं. येतो कोण तर याकुझा म्हणजे टोळीतला गुंड, काळा चष्मा, पाय पसरून बसणारा. ते सॉसेज का, ते पुढे कळतं.
आणि मॉन्स्टरचे पहिले दोन खंड आहेत माझ्याकडे. कोथरूडला येणं होत असेल तर घेऊन जा, महिनाभर ठेवलेत तरी चालेल. पानाचे कोपरे दुमडायचे नाहीत, चहा लांब ठेवायचा, तुमचं नाव बघून हे मुद्दाम सांगतेय.

चहाबाज_३७
शनिवारी येतो. चहा पिऊन येतो.

भवानी_पेठ_गट्स
वाटेत भवानी पेठेत थांबा, बर्सर्कचा पहिला देतो.