टेम्प्लेट आणि सीएसएस कोणाच्या ताब्यात द्यावं? सल्ला हवा

तळटीप:
एका पतसंस्थेसाठी वेब ॲप करतोय, बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) जँगोत, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये. डिझायनर फिग्मात (डिझाइनच्या ॲपमध्ये) स्क्रीन काढून देते, प्रोग्रामर त्या कोडमध्ये उतरवतो आणि मग रोज जुंपते: "मी १६ पिक्सेल सोडले होते, तू १२ कसे केलेस?" तिला एचटीएमएल-सीएसएस चांगलं येतं. टेम्प्लेट (पानांच्या एचटीएमएल फाइली) तिलाच द्यावेत का? की सरळ रिॲक्टवर (स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर) जावं?

खटाटोप:
बिनधास्त द्या. जँगोची टेम्प्लेट भाषा मुद्दामच तोकडी ठेवलीय. तिच्यात पायथॉन लिहिता येत नाही, फंक्शनला आर्ग्युमेंटही देता येत नाही. इफ, फॉर आणि चार फिल्टर शिकली की डिझायनरचं भागेल. फक्त व्ह्यूमधून (टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या पायथॉन कोडमधून) कोणती माहिती कोणत्या नावाने येणार, हे आधी लिहून ठेवा. व्याजाची आकडेमोड टेम्प्लेटपर्यंत येण्याआधीच संपली पाहिजे.
रिॲक्टच्या भानगडीत आत्ता पडू नका. त्याच्या जेएसएक्स या लिहिण्याच्या पद्धतीत मार्कअप आणि लॉजिक एकाच फाइलीत नांदतात, म्हणजे तिला आधी जावास्क्रिप्ट शिकायला बसवावं लागेल.

काठावरचा:
टेम्प्लेट कोणाकडेही द्या, १६-१२ चं भांडण त्याने मिटणार नाही. रंग, अंतरं, फॉन्टचे आकार फिग्मात व्हेरिएबल (नाव दिलेल्या किमती) करा आणि त्याच नावांनी सीएसएस कस्टम प्रॉपर्टीजमध्ये ठेवा. ती एक फाइल डिझायनरची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.
खरी मारामारी न काढलेल्या स्क्रीनवरून होते. फिग्मात खातं कसं छान भरलेलं असतं! खात्यात एकही व्यवहार नसेल तर? सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर? तिथे प्रोग्रामर मनाने काहीतरी ठोकून देतो. या स्क्रीनही तिच्याकडूनच मागून घ्या.
आणि लोरेम इप्सम (जागा भरायचा निरर्थक मजकूर) बंद. खरा मराठी मजकूर टाकायला लावा. इंग्रजीत १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची, फॉन्टच्या आकाराच्या पटीत) खपून जाते; मराठीत रफार-वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. 'रद्द करा' बटणात मावतं, 'मुदत ठेव नूतनीकरण' मावत नाही.

तळटीप:
दोघांचेही आभार. टेम्प्लेट तिला द्यायचं नक्की केलं. पण गिटला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाला) घाबरते हो ती.

खटाटोप:
व्हीएस कोड या एडिटरमधून बटणं दाबून कमिट (बदलाची नोंद) करता येतं, टर्मिनल दाखवूच नका. वेगळी ब्रँच (बदलांची स्वतंत्र शाखा) आणि पुल रिक्वेस्ट (ते बदल घ्या अशी विनंती) एवढंच शिकवा, मर्ज म्हणजे ते मूळ कोडमध्ये मिसळणं तुम्ही करा. तिच्या मशीनवर ॲप तुम्हीच चालू करून द्या, खोट्या खात्यांचा डेटा फिक्स्चरमधून (तयार डेटाच्या फाइलीतून) भरून. त्यात एक खातं रिकामं ठेवा, काठावरचा म्हणतात तसं.