मदत हवी आहे : आईचा ईईजी रिपोर्ट आणि औषधं (कोथरूड)

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची. हल्ली बोलता बोलता मध्येच हरवते, संध्याकाळी जास्त. न्यूरॉलॉजिस्टनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करायला लावला. डोक्यावर पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, तर बाईंची तक्रार एकच, "आजच न्हायले होते!"

रिपोर्टमध्ये फिटची काही लक्षणं नाहीत. पण डोळे मिटल्यावरची लय ७ ते ७.५ हर्ट्झ, 'किंचित मंद' असं लिहिलंय. ही अल्फा लय ८ ते १३ असते, वयानुसार थोडी मंदावते, पण तब्येत ठीक असेल तर सहसा ८ च्या खाली जात नाही म्हणे. म्हणून धाकधूक. डॉक्टर "वयोमानाने होतं" म्हणून मोकळे झाले.

माझा संशय वेगळाच आहे. अंगाला खाज सुटते म्हणून आई रोज रात्री फेनिरामाइनची गोळी घेते, कुणालाही न विचारता. वयाबरोबर मेंदूतली असिटिलकोलिनची (स्मृती, लक्ष यांसाठी लागणारं, पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) यंत्रणा आधीच कमकुवत होते आणि ही जुनी, झोप आणणारी अ‍ॅलर्जीची औषधं नेमकी तीच अडवतात. म्हाताऱ्या माणसांना त्याने भ्रमही होतो. बी१२, थायरॉइड नॉर्मल आहेत.

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळी बदलल्यावर फरक पडला का? आणि कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागात औषधांची सगळी पिशवी ओतून शांतपणे बघणारे, वृद्धांचे डॉक्टर सुचवा. लिफ्ट हवीच, गुडघे दुखतात.

ब्राह्मी, अक्रोड सुरू आहेत, ते कृपया सुचवू नका.