तीन मॉनिटर, १६६० सुपर आणि अडखळणारा ट्रक: कार्ड बदलू का?

क्लचप्लेट

जुळणी अशी आहे: रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम (३२०० ची एकच स्टिक), जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर तीन, सगळे २४ इंची १०८०पी. दोन १४४ हर्ट्झचे, एक जुना ७५ चा. कार्डाला पोर्टही तीनच: डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय आणि डीव्हीआय. जुन्या मॉनिटरला डीव्हीआय नाही, म्हणून तिथे डीव्हीआय ते एचडीएमआय कन्व्हर्टर लावलाय. तिन्ही मिळून एनव्हिडिया सराउंड केलं आहे, म्हणजे एकच रुंद पडदा, ५७६० × १०८०.

खेळ मुख्यतः दोन: यूरो ट्रक सिम्युलेटर २ आणि जुनं असेटो कोर्सा. ट्रकमध्ये हायवेवर सेकंदाला ३० फ्रेम मिळतात, शहरात शिरलं की थेट २०. मधला आकडा कधी दिसतच नाही. सेटिंग अल्ट्रा, स्केलिंग (चित्र मोठं काढून पडद्यावर लहान करणं) ४००%, कारण त्याशिवाय तारा आणि रेलिंग करवतीसारखे दिसतात. सराउंडमध्ये रिफ्रेश रेट ६० च्या वर जात नाही.

दुकानदार म्हणतो आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही १६ जीबीचे, यांपैकी एक घ्या. पैसे एकदाच घालायचे आहेत. घेऊ का?

पिक्सेलमोजणी

अजून ऑर्डर टाकू नका. तुमच्या कार्डावर नेमका किती भार टाकलाय ते आधी बघा.

एक १०८०पी मॉनिटर म्हणजे २०.७ लाख पिक्सेल. तीन म्हणजे ६२ लाख. ४के म्हणजे ८३ लाख. नुसते तीन मॉनिटर हे ४के च्या पाऊणपट काम झालं, आणि या जुन्या, हलक्या खेळांसाठी १६६० सुपरला ते झेपण्यासारखं आहे. पण ट्रकमधलं स्केलिंग ४००% म्हणजे रुंदीही दुप्पट आणि उंचीही दुप्पट. ६२ लाख गुणिले ४, म्हणजे २ कोटी ४९ लाख पिक्सेल दर फ्रेमला. ४के च्या तिप्पट! हा आकडा कुठलंही मधलं कार्ड घेतलंत तरी जड जाणार.

दुसरं, ३० आणि २० च्या मधलं काही दिसत नाही, याचा अर्थ व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवूनच दाखवणं) चालू आहे. ६० हर्ट्झला पडद्याची एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची. फ्रेम तयार व्हायला १७ लागले तरी ती पुढच्या फेरीची वाट बघते, म्हणजे ३०. ३४ लागले तर तिसरी फेरी, म्हणजे २०. खरा वेग २९ असला तरी तुम्हाला २० च दिसणार. शिवाय या वाट बघण्यात कार्ड रिकामं बसतं, त्यामुळे त्याच्या वापराचा टक्का बघून काहीच कळत नाही.

म्हणून चाचणी या क्रमाने करा:

१. खेळातलं आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधलं, दोन्हीकडचं व्हीसिंक बंद. फ्रेमची मर्यादा कुठे लावली असेल तर तीही काढा.
२. एमएसआय आफ्टरबर्नर या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमधून पडद्यावर तीन गोष्टी आणा: फ्रेम, जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या एकेका रांगेचा) वापर. प्रोसेसरचा एकूण टक्का बघू नका. ३६०० ला १२ थ्रेड आहेत. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर निवांत आहे.
३. एकच सेव्ह, एकच रस्ता, दिवसाची तीच वेळ. आधी ४००% ला, मग १००% ला. हायवे आणि शहर वेगवेगळं नोंदवा.

१००% ला जीपीयू ९७ ते ९९ वर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६० वर आणि फ्रेम तरीही कमी, तर कार्ड बदलून शहरात एकही फ्रेम वाढणार नाही.

६० हर्ट्झचं कोडं त्या कन्व्हर्टरमुळे. साध्या कन्व्हर्टरमधून जाणाऱ्या डीव्हीआयची सिंगल लिंकची हद्द १६५ मेगाहर्ट्झ आहे. १०८०पी ६० ला १४८.५ लागतात. म्हणून तो मॉनिटर ६० वर, आणि सराउंडमध्ये तिघांचा रेट एक लागतो, म्हणून बाकी दोघेही त्याच्यासोबत ६० वर.

क्लचप्लेट

चाचणी केली. व्हीसिंक बंद, बाकी सेटिंग तेच.

४००%: हायवे ३३, शहर २६, जीपीयू दोन्हीकडे ९९.
१००%: हायवे ८४ (जीपीयू ९७), शहर ४६ (जीपीयू ६०, एक थ्रेड ९५ च्या आसपास, बाकीचे रेंगाळतात).

शहराचा आकडा कार्डामुळे नाही, असं समजू ना?

थर्मलपेस्ट

बरोबर समजलात. हायवेवर कार्ड मर्यादा घालतंय, शहरात प्रोसेसर. शहरातलं ४६ आज कुठलंही कार्ड लावलंत तरी ४६ च्या आसपासच राहील.

तीन मॉनिटरचा हिशोब करताना लोक फक्त पिक्सेल मोजतात. पण दृश्य रुंद झालं की त्यात इमारती, गाड्या, झाडं, खांब सगळंच जास्त येतं, आणि यातली प्रत्येक वस्तू काढायचा हुकूम प्रोसेसरला द्यावा लागतो. ट्रकमध्ये हे काम बरंचसं एका थ्रेडवर चालतं. त्यात आरशांची भर. दिसणारा प्रत्येक आरसा म्हणजे तेच जग मागच्या बाजूने पुन्हा काढणं. एका मॉनिटरवर उजवीकडचे आरसे मान वळवल्याशिवाय दिसत नाहीत. तीन मॉनिटरवर दोन्ही बाजूंचे कायम समोर. वर एफ२ दाबून कोपऱ्यातले आरसेही लावले असतील तर तेच काम परत. ते बंद करा, केबिनचे आरसे बाजूच्या पडद्यांवर दिसतातच. मग आरशांचं अंतर आणि दर्जा एकेक पायरी खाली आणून बघा. चालत्या गाडीत फरक कळत नाही.

आता सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. तुमची १६ जीबी एकाच स्टिकमध्ये आहे. म्हणजे मेमरी एकाच चॅनेलवर, निम्म्या बँडविड्थवर चालली आहे, आणि प्रोसेसर अडतो तिथे रायझेन ३००० ला ते चांगलंच जाणवतं. तशीच दुसरी स्टिक घ्या: तोच वेग, शक्यतो तीच कंपनी आणि तोच मॉडेल नंबर. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. शेजारशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर चॅनेल एकच राहतो. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवायची सेटिंग) चालू आहे का तेही पाहा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असते आणि कुणाला पत्ता नसतो. दोन स्टिकचं पटलं नाही आणि मशीन सुरूच झालं नाही, तर वेग ३००० वर आणा.

ट्रकच्या कॉन्फिग फाइलमध्ये मल्टिमॉन मोड किती ठेवलाय? १ असेल तर तिन्ही पडद्यांवर एकच सपाट चित्र ताणलेलं असतं, बाजूच्या गाड्या रबरासारख्या लांब होतात. ३ केलात तर प्रत्येक पडद्याला वेगळा कॅमेरा मिळतो, ताण जातो, पण प्रोसेसरवर आणखी भार. तेव्हा आधी रॅम, मग हा मोड.

उलटा_गिअर

वरचं सगळं मान्य, पण माझं मत जरा वेगळं. १६६० सुपरला ६ जीबीच मेमरी आहे आणि तीन मॉनिटरला मेमरी तिप्पट लागते. नवे खेळ घ्यायचे असतील तर आज ना उद्या कार्ड बदलावंच लागेल. मग आत्ताच का नको?

पिक्सेलमोजणी

तिप्पट लागत नाही. ५७६० × १०८० ची एक फ्रेम, पिक्सेलला ४ बाइट धरले तर २५ एमबी. अशा तीन धरल्या तरी ७५. खोली, सावल्या, प्रकाश यांचे मधले बफर (तात्पुरती चित्रं) धरून काहीशे एमबी वाढतात. मेमरीचा मोठा वाटा टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) खातात, आणि ती एका मॉनिटरला जेवढी तेवढीच तिघांना. ४००% स्केलिंगला मात्र ते मधले बफर चौपट होतात, तिथे ६ जीबी तोकडी पडू शकते.

नव्या खेळांसाठी ६ जीबी अपुरी आहे हे खरं, पण ती अडचण एका मॉनिटरवरही असेल. क्लचप्लेट यांचे खेळ २०१२ आणि २०१४ चे आहेत. हो, बेझल करेक्शन लावलं असेल तर चौकटीमागे लपलेले पिक्सेलही कार्ड काढत असतं. २४ इंचीला सेंटिमीटरमागे ३६ पिक्सेल येतात. दोन पडद्यांमध्ये २ सेंटिमीटर चौकट धरली तर दोन्ही सांध्यांचे मिळून १४४, म्हणजे अडीच टक्के. एवढ्यासाठी ते बंद करू नका. रस्ता सांध्यावर तुटलेला दिसतो तेव्हा जास्त त्रास होतो.

थर्मलपेस्ट

कार्ड घ्यायचीच वेळ आली तर दुकानदाराने सांगितलेल्या दोघांत एक फरक आहे, तो काउंटरवर कुणी बोलत नाही. ९०६० एक्सटीच्या बहुतेक कार्डांना मागे तीनच पोर्ट असतात: दोन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय. तीन मॉनिटर लागले की संपलं, डॅशबोर्डसाठी चौथा छोटा पडदा लावता येत नाही. ५०६० टीआयला सहसा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. तिन्ही मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर गेले की रिफ्रेश रेटची भानगडही कमी होते, कारण स्वस्त मॉनिटरचा एचडीएमआय पुष्कळदा डिस्प्लेपोर्टपेक्षा कमी रेटवर थांबतो. तुमच्या त्या जुन्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे का बघा. नसेल तर तो एचडीएमआयवरच राहणार, आणि ७५ चा असल्यामुळे सराउंड ७५ वर थांबणार, कार्ड कितीही भारी घ्या.

उलट बाजूही सांगतो. ५०६० टीआय बोर्डाशी बोलायला फक्त ८ लेन वापरतं. बी४५० वर पीसीआय एक्स्प्रेस ३.० च असल्यामुळे त्याला सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता मिळतो. ९०६० एक्सटी १६ लेनचं आहे, त्याला १६ जीबी. कार्डाची मेमरी पुरत असेल तोवर फरक किरकोळ. भरून सांडायला लागली की झटके सुरू. म्हणून ८ जीबीवालं ५०६० टीआय या बोर्डावर घेऊच नका, १६ वालंच. आयरेसिंग या रेसिंगच्या खेळाकडे वळायचा विचार असेल तर तिथे तीन पडद्यांसाठी एनव्हिडियाची एसएमपी सोय आहे, ती प्रोसेसरचा भार कमी करते. एएमडीच्या कार्डांना, म्हणजे ९०६० एक्सटीला, ती नाही.

पॉवर सप्लायचं: ५०६० टीआय १८० वॉट, ९०६० एक्सटी १६०, तुमचा ३६०० पूर्ण भारावर ८८. बाकी बोर्ड, पंखे, डिस्क धरून ३३० च्या आत. चांगल्या कंपनीचा ४५० वॉट असेल तर चालून जाईल; एनव्हिडिया ६०० सांगते ती सगळ्यांसाठी मोकळी जागा ठेवून. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ३५ च्या वर असतील तर निश्चिंत, २८ असतील तर तो ४५० चा नाहीच.

क्लचप्लेट

दुसरी स्टिक बसवली. एक्सएमपी बंदच होतं, तेही चालू केलं. एफ२ चे आरसे काढले, आरशांचं अंतर एक पायरी खाली. स्केलिंग १००% ला शहर ५८, हायवे ८७. १५०% ला हायवे ६२, शहर ५६. करवत १५०% ला बरीच कमी झाली. लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर लिहिलंय.

व्हीसिंक परत लावू का? आणि पुढे तीन १४४०पी मॉनिटर घ्यायचा विचार आहे, तेव्हा काय?

पिक्सेलमोजणी

साधं व्हीसिंक नको, ५६ चे परत ३० होतील. एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह नावाचा पर्याय आहे तो निवडा. ६० च्या खाली गेलं की तो स्वतःच बंद होतो.

तीन १४४०पी म्हणजे ७६८० × १४४०, १ कोटी १० लाख पिक्सेल, ४के पेक्षा तिसरा हिस्सा जास्त. तिथे १६६० सुपर टिकणार नाही. हे ट्रक आणि असेटो ५०६० टीआय किंवा ९०६० एक्सटी १००% स्केलिंगला ओढून नेतील. नवे खेळही त्याच पडद्यांवर हवे असतील तर दोन्ही अपुरी, आरएक्स ९०७० किंवा त्याच्या वरचं बघावं लागेल, आणि ते २२० वॉटपासून सुरू होतं, मग पॉवर सप्लायही बदला. मॉनिटर ठरल्याशिवाय कार्ड घेऊ नका, क्रम तोच ठेवा.

थर्मलपेस्ट

त्याआधी शहरातलं ५६ उचलायचं असेल तर याच बोर्डावर रायझेनचा ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो, मिळाला तर. ९६ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, आणि असे एका थ्रेडवर अडणारे खेळ त्या कॅशवर खूश असतात. जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करा, नंतर केलंत तर काळा पडदा. सोबत कूलर येत नाही आणि ३६०० चा छोटा कूलर त्याला पुरत नाही, तोही धरा. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा टीपीएम प्रोसेसरमध्येच असतो, तो बदलला की विंडोज सुरू होताना ती ४८ आकडी की मागतं.