तिसरी ते पाचवी : वाचन कच्चं, हातच्याची वजाबाकी चुकते. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : खडू_पाटी
द्विशिक्षकी जि. प. शाळा आहे. तिसरी, चौथी, पाचवी मिळून 26 मुलं एकाच खोलीत माझ्याकडे. सात जणांची अक्षरंच पक्की नाहीत, निम्मी मुलं शब्दावर अडतात. 52 – 27 दिलं की उत्तर 35 येतं. पाठ्यपुस्तक पुढे न्यावं की मागचं पक्कं करावं? फळा एक, पाट्या भरपूर, झेरॉक्सची सोय नाही.

उत्तर : बाराखडी
दोन्ही करा, पण वेळ वेगळा ठेवून. रोज दीड तास इयत्ता विसरायची आणि मुलं पातळीप्रमाणे बसवायची. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची पद्धत हीच आहे आणि तिची चाचणीही सोपी आहे. मुलाला एकटं जवळ बसवून आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद द्या. सलग वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडला तर पाच शब्द, त्यातले चार आले पाहिजेत. नाही आले तर पाच अक्षरं. मूल जिथवर वाचेल त्यावरून त्याचा गट ठरवा : अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. ही चाचणी सगळ्यांसमोर घेऊ नका, मागचा पुढच्याचं ऐकून पाठ म्हणतो.

अक्षरगटाला अ-आ-इ-ई क्रमाने शिकवू नका. ज्यांतून लगेच शब्द होतात ती घ्या : क, म, ळ, न, र, घ. एवढ्यांतून कमळ, नळ, घर होतात. काना जोडला की मका, नाक, घार. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका, आधी एक पक्कं होऊ द्या. जोडाक्षरांत आधी दंड (उभी रेघ) जाणारी (त्य, म्ह, ल्ल), रफार आणि तळाचा र शेवटी.

फळ्यावर मोठ्या अक्षरात पाच-सहा ओळींचा मजकूर लिहा. तुम्ही बोट ठेवून वाचा, मग सगळे, मग एकेक. नंतर गोष्टवाले जोडीने वाचून प्रश्न तयार करतील, शब्दवाले मजकुरातले शब्द शोधून पाटीवर लिहितील. तुम्ही अक्षरगटापाशी बसा. हुशार मुलाला ‘छोटा शिक्षक’ करून कच्च्यांना त्याच्यावर सोपवणं मला अजिबात मान्य नाही. सर्वांत अनुभवी माणसाची गरज त्याच मुलांना असते.

उत्तर : दशक_एकक
35 हे उत्तर निष्काळजीपणाचं नाही. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतंय : 7 – 2 = 5, 5 – 2 = 3. त्याच्या लेखी 52 ही एक संख्या नसून शेजारी बसलेले दोन अंक आहेत. म्हणून पन्नास उदाहरणं जास्त दिलीत तर तीच चूक पन्नासदा पक्की होईल.

तुरीच्या किंवा खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोन मुलांत नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या पुरतात. 52 म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. 27 द्यायच्या आहेत, पण सुट्यांतून सात देता येत नाहीत. इथे थांबा, सांगू नका. रबर मुलानेच सोडायचं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात गेल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे गेले, दोन उरले. पंचवीस.

कृती आणि लेखन एकाच वेळी हवं : रबर सुटलं की त्याच क्षणी पाटीवर 5 खोडून 4, आणि 2 च्या जागी 12. आधी काड्या, मग वही असं केलं की मुलाला दोन वेगळे खेळ वाटतात. मूल गठ्ठ्यातल्या काड्या पुन्हा एक-एक मोजत असेल तर त्याला दशक कळलेला नाही. वजाबाकी थांबवून दहाचे गठ्ठे बांधायला लावा. 60 – 23 सारखी शून्याची उदाहरणं सगळ्यात शेवटी.

खडू_पाटी
सदतीस म्हटलं की काही मुलं 73 लिहितात. एकोणसाठला 69.

उत्तर : दशक_एकक
कारण सदतीसमध्ये सात आधी ऐकू येतो आणि एकोणसाठमध्ये ‘साठ’. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची कार्डं कापा : 10 ते 90 लांब, 1 ते 9 अर्ध्या लांबीची. 30 च्या शून्यावर 7 ठेवला की 37. मुलाने आधी ‘तीस आणि सात’ म्हणायचं, मग ‘सदतीस’. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली असं वाचन आलं तेव्हा बराच गदारोळ झाला, पण पायरी म्हणून ते उपयोगी आहे. फक्त तिथेच थांबू नका. बाजारात सदतीसच ऐकू येणार. एकोण-वाले आठ आकडे (19 ते 89) वेगळे घ्या : साठला एक कमी, गणितमाळेवर साठाव्या मण्याच्या अलीकडचा मणी.

उत्तर : सातपुडा
मुलं घरी पावरी, भिली किंवा कोरकू बोलत असतील तर एक भर. शब्द वाचला पण अर्थ लागला नाही, ही वेगळी अडचण आहे. तिथे पुन्हा अक्षरं गिरवून घेऊन फायदा नाही. मजकूर वाचण्याआधी चित्रावर किंवा वस्तूवर मुलांच्या भाषेत बोलू द्या, त्यातले मराठी शब्द फळ्यावर लिहा, मग वाचन. चाचणीत घरच्या भाषेचा उच्चार आला तर चूक धरू नका, अक्षर ओळखलं का तेवढं पाहा. दर तीन-चार आठवड्यांनी तीच चाचणी नव्या मजकुरावर घ्या आणि मूल वर गेलं की त्याच दिवशी त्याचा गट बदला. महिनाअखेरची वाट पाहू नका.